दोन बाजारांमधलं गाढव

मी गाढव बोलतोय. हसून घ्या, मी थांबतो. झालं?

तर मी साधंसुधं गाढव नाही, व्यापारी गाढव आहे. किल्ले, तटबंद्या आणि भालेवाले असलेल्या एका संगणकावरच्या खेळात मी राहतो. पाठीवर दोन पोती, गळ्यात घंटा. आपल्या बाजारातून निघायचं, मित्राच्या राज्यातल्या बाजारात माल उतरवायचा आणि सोनं घेऊन परत यायचं, हेच माझं आयुष्य. मला लढता येत नाही. पळताही येत नाही. खेळ बनवणाऱ्यांनी घोड्यांना चौखूर उधळायला शिकवलं, आणि माझी पाळी आली तेव्हा बहुतेक त्यांची जेवणाची सुट्टी झाली.

थोडं लाकूड आणि थोडं सोनं खर्च करून वहिनीने मला जन्माला घातलं. ही वहिनी लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवते. हॉलमध्ये तिचं शिलाई मशीन आणि त्याला चिकटूनच संगणक. किनार घालून झाली की राज्यकारभार, राज्यकारभारात डोकं तापलं की पुन्हा किनार. तिच्या जोडीला तिची धाकटी नणंद. तिला घरात सगळे छोटी म्हणतात. छोटी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि संध्याकाळी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून तिचं शेजारचं राज्य चालवते. म्हणजे घर एकच, राज्यं दोन, आणि मधल्या सोफ्यावर एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ असलेला दादा. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि आमच्या खेळात लक्ष घालत नाही. निदान घालत नाही असं दाखवतो.

खरं सांगू? सुरुवातीला दोघींच्या राज्यांचे बारा वाजले होते. छोटीने पहिल्याच झटक्यात उंच बुरूज बांधला, त्यावर निशाण लावलं आणि घोडेस्वार ठेवले. तिच्या शेतकऱ्यांना खायला नव्हतं, पण घोड्यांच्या अंगावर झुली होत्या. वहिनीचं उलटं. पडद्याचा बोटभर तुकडाही ती टाकत नाही. तसंच खेळात तिने लाकडाचे डोंगर रचले. "लागेल कधीतरी," म्हणायची. कर वाढवला की शेतकऱ्यांची तोंडं उतरतात, तशी सोय खेळातच आहे. ती उतरलेली तोंडं वहिनीला बघवायची नाहीत. "बघ ना बिचारा कसा उभा आहे," असं म्हणत ती कर शून्यावर आणायची. प्रजा खूश आणि खजिन्यात उंदीर फिरतायत.

मग दोघींच्याही सोन्याच्या खाणी संपल्या. आमच्या जगात खाण संपली की सोन्याचा रस्ता एकच उरतो, तो म्हणजे मित्रराज्याशी व्यापार. त्याचा नियमही सोपा आहे. मित्राचा बाजार जितका लांब, तितकं एका फेरीला सोनं जास्त. दोघींनी तह केला, मला रस्त्याला लावलं आणि दोन्ही राज्यं माझ्या पाठीवर सावरली. माझ्यावर काय काय म्हणी केल्यात लोकांनी! सैन्याचे पगार माझ्या पोत्यांतून होतात, यावर एकही नाही.

ते दिवस फार सुखाचे होते. वहिनी सुईत दोरा ओवता ओवता माझ्याशी गप्पा मारायची. पलीकडे छोटीने माझ्यासाठी बाजाराच्या दारात एक झाड लावलं. "वहिनीचं गाढव उन्हात उभं राहतं," म्हणाली. त्या झाडाच्या पैशात दोन भालेवाले आले असते. पण छोटीचा हिशेब असाच.

आणि मग छोटीला दुसऱ्या शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली. महिनाअखेर जायचं ठरलं. वहिनीने ही बातमी सगळ्या इमारतीत सांगितली, आणि छोटीच्या नव्या खोलीसाठी न विचारताच पडदाही शिवायला घेतला. "अगं, खिडकीचं माप?" असं छोटीने विचारलं, तर म्हणाली, "खिडकी असेलच ना? बास मग."

त्यातच सायकलचं निघालं. एका संध्याकाळी छोटी घरी आली तर गॅलरीतला कोपरा रिकामा. वहिनीने तिची जुनी सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली होती.

"मी अजून गेले नाही, तोवर माझी जागा रिकामी करायला घेतली?"

"अगं, गंज खात होती ती! चेन कुठे होती तिला?"

"विचारायचं तरी!"

"गॅलरी माझी नाही का?"

हे शेवटचं वाक्य वहिनीच्या तोंडून गेलं आणि ते गेल्याचं तिला लगेच कळलं. मी संगणकाच्या पडद्यावरून तिचा चेहरा पाहत होतो, म्हणून सांगतो. पण परत कोण घेणार? छोटी आत गेली आणि घरात बोलणं बंद झालं. वहिनी रागावली की छोटीला 'वन्सं' म्हणते. आता तर तेही नव्हतं.

"दादा, तुझ्या बायकोला सांग, मीठ पुढे कर."

"अहो, तुमच्या बहिणीला सांगा, मीठ तिच्याच समोर आहे."

"मी दिवसभर लिफ्ट वर-खाली करतो," दादा म्हणायचा, "घरी आलो की मीच लिफ्ट."

छोटीची बॅग भरायला लागली होती. आता या दोघी अशाच तोंडं फिरवून निरोप घेणार की काय, या काळजीने दादाला जेवण जात नव्हतं. मला माझी काळजी होती. तह मोडला की मी शत्रूचं गाढव. आणि शत्रूच्या गाढवाला आमच्याकडे झाडाखाली उभं करत नाहीत.

पण तह कोणी मोडेना, कारण खाणी संपलेल्या, पोट दोघींनाही. मात्र तहाच्या पानावर एक छोटा चौकोन असतो, त्यात जकात ठरवता येते. छोटीने जकात वाढवली. मी भरली पोती घेऊन गेलो आणि चिल्लर घेऊन परतलो. वहिनीने ती चिल्लर पाहिली, ओठ आवळले आणि मला पुन्हा पाठवताना पोत्यांत माल म्हणून नुसती लाकडं भरली. छोटीने आणखी जकात लावली. घरात एक शब्द नाही, आणि इकडे माझ्या पाठीवर भांडण चाललेलं. भांडणाचं वजन पोत्यांपेक्षा जास्त असतं, हे मला तेव्हा कळलं.

व्हायचं तेच झालं. दोघींचे खजिने आटले. वहिनीचे धनुष्यवाले पगार नाही म्हणून निघून गेले; जाताना तिने त्यांना हाक मारली, "अरे, थांबा ना जरा!" पण ते संगणकाचे, त्यांना माया कुठली? छोटीचे घोडेस्वार उरले मूठभर. आणि हे सगळं उत्तरेकडून लालू बघत होता. लालू म्हणजे लाल राजा. त्याला कोणी माणूस चालवत नाही, संगणकच चालवतो. म्हणून तो कधी रुसत नाही, चहाला उठत नाही आणि पगार चुकवत नाही.

त्या रविवारी दुपारी मी छोटीच्या वाटेवर होतो. वहिनी मशीनवर वाकली होती, तिचं संगणकाकडे लक्ष नव्हतं. मागे टापा वाजल्या. लालूचे घोडे! मी माझ्या चालीने चालत राहिलो, कारण मला दुसरी चाल नाही. वहिनीच्या खजिन्यात दुसरं गाढव घ्यायला दमडी नव्हती. मी गेलो की तिचं राज्य गेलं, आणि त्याबरोबर या दोघींमधली शेवटची ये-जा.

छोटीच्या त्या उधळपट्टीच्या बुरुजावरून तिला सगळं दिसलं. तिच्यापुढे सरळ मार्ग होता. वेशीचं दार बंद ठेवायचं, म्हणजे तिचं गाव सुखरूप. तिने बोट उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. आणि आतल्या खोलीतून अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली, "वहिनी! गाढव!"

"आता मी काय केलं?" दादा स्वयंपाकघरातून म्हणाला.

वहिनीने मशीन सोडून उडीच मारली. "अगं बाई! छोटे, वेस उघड! उघड गं!"

"लालूचे घोडे पण आत येतील!"

"येऊ देत! मी माझे शेतकरी पाठवते. सगळे पाठवते! तू उघड आधी!"

दार उघडलं. मी आत शिरलो आणि माझ्या शेपटीला लागून लालूचे घोडेही शिरले. बाजार पेटला. माझं झाड पेटलं. वहिनीचे शून्य कर भरणारे शेतकरी कोयते घेऊन धावत आले, आणि काय सांगू, त्या लोकांनी मार खाल्ला पण मागे हटले नाहीत. शेवटी लालू पळाला. छोटीचा बाजार मात्र राखेचा ढीग झाला.

मग खरं भांडण झालं. दोघी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर समोरासमोर.

"जकात कोणी वाढवली आधी?"

"सायकल कोणी विकली आधी?"

"मग मशीन कुठे ठेवणार होते मी?" वहिनी ओरडली. "हे म्हणाले, छोटी गेली की तिच्या खोलीत मशीन लाव, हॉल मोकळा होईल. मी म्हटलं, तिच्या खोलीला हात लावायचा नाही. ती येईल तेव्हा कुठे झोपेल? म्हणून मशीन गॅलरीत नेणार होते. म्हणून सायकल गेली. कळलं?"

छोटीने दादाकडे पाहिलं. दादा चहाचा ट्रे घेऊन उभा होता. "मी हॉल मोकळा होईल एवढंच म्हणालो होतो," तो पुटपुटला.

"हे आधी नाही का सांगायचं, वहिनी?" छोटी म्हणाली आणि रडायला लागली.

"विचारलंस कुठे?" वहिनी म्हणाली, आणि तिचाही बांध फुटला. दोघींच्या मध्ये दादा ट्रे सांभाळत अडकून राहिला.

महिनाअखेर छोटी गेली. निघताना वहिनी फक्त कामाचं बोलली. पाण्याची बाटली घेतलीस का, पडदा बॅगेच्या तळाशी आहे, चुरगळू देऊ नकोस. बाकी काही तिला जमलं नाही.

पुढच्या शनिवारी दोघींनी खेळ उघडला. आता त्यांचे आवाजही खेळातूनच येतात. छोटीने जळक्या जागेवरच बाजार बांधायला घेतला.

"तिथे नको," वहिनी म्हणाली. "लांब बांध. अजून लांब. त्या टोकाच्या कोपऱ्यात."

"गाढव मरेल गं चालून."

"मरत नाही. सोनं जास्त मिळतं."

माझं मत कोणी विचारलं नाही, नेहमीप्रमाणे. आता नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझी वाट आहे. मध्ये नदी, टेकडी आणि लालूचा एक चिडका पहारेकरी. खूर झिजलेत. जकात शून्य आहे. नव्या बाजाराच्या दारात छोटीने पुन्हा झाड लावलंय, तेही भिंत बांधायच्या आधी. हिला पैसा कळणार कधी, देव जाणे.

तुम्ही हे वाचणाऱ्यांनो, एकच मागणं आहे. राज्य कसंही चालवा, पण भांडण झालं तर ते माझ्या पाठीवर लादू नका. आधी ओरडा. दार उघडा. बाजार पुन्हा बांधता येतो.

चला, निघायची वेळ झाली. पोती भरली आहेत. गॅलरीतलं मशीन थांबवून वहिनी हॉलमध्ये आली आहे. मी वेशीतून बाहेर पडलो की ती संगणकाच्या अगदी जवळ तोंड नेते आणि हळूच म्हणते, "नीट जा हं. पोचलास की कळव." छोटी गेली त्या दिवशी दारात तिला हे म्हणता आलं नव्हतं. मग मी दिसेनासा होईपर्यंत ती बघत बसते.

मला कळवता कुठे येतं? मी नुसता चालतो. पण त्या टोकाच्या कोपऱ्यात, झाडाखाली पोचलो की छोटी दर वेळी न चुकता सांगते, "पोचलं गं, वहिनी."