आजोबांचा कठडा

धुळ्यातल्या आमच्या गल्लीत दर रविवारी हेरिटेज वॉकवाले येतात. "व्हिक्टोरिया राणीच्या काळातली घरं," असं त्यांचा माहितगार सांगतो आणि सगळे माना वर करून आमच्या गॅलरीचे फोटो काढतात. वाळत घातलेल्या माझ्या परकरांसकट. "किती भाग्यवान तुम्ही!" एक बाई म्हणाली. म्हटलं, या आठ दिवस राहायला, भिंतीत एक खिळा ठोकून दाखवा.

दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! आतला जिना इतका उभा आणि अरुंद, की माझे सासरे गिरधरनाना खुबा मोडल्यापासून आठ महिने वरच अडकलेत. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी चादरीत घालून चढवलं. बाहेरून सोपा लोखंडी जिना लावला, की त्यांना धरून खाली ओट्यावर आणता येईल. पण त्यासाठी गॅलरीचा कोरीव कठडा कापावा लागतो, आणि विषय काढला की नाना भडकतात.

"मना आजाना हातनं काम शे ते! बठ्ठं शे तसंच ऱ्हाऊ दे."

त्यांचे आजोबा सुतार. पोपट, वेली, आंबे, काही सोडलं नाही त्यांनी. मी जिनेवाल्याला तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा नानांनी वरूनच पिटाळलं. डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

परवा सोमवारी कानबाई देवीचं विसर्जन होतं. डोक्यावर कानबाई घेऊन येणाऱ्या बाईच्या पायांवर नाना दरवर्षी ओट्यापुढे उभे राहून पाणी घालतात. यंदा खुर्ची गॅलरीत ओढून, मांडीवर तांब्या घेऊन बसले. वाजंत्री आली, गर्दी आली. बसलेल्या नानांच्या डोळ्यांपुढे फक्त कठड्यावरचे पोपट आणि वेली, खालचं काहीच दिसेना. उठायला गेले, जमेना. मी धावत खाली जाऊन पाणी घातलं. परत वर आले, तर त्यांचा तांब्या तसाच भरलेला.

"आठ महिने सांगतेय मी!" मी ओरडलेच.

नानांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "करवत लई ये. आजानीच लई ये. पुढला वरीसले मी खाले ऱ्हासू."

खुंटीवरची करवत मी आणून दिली. बसल्या बसल्या त्यांनी ती पहिल्या पोपटाखाली लावली. करकर आवाज झाला आणि मलाच रडू फुटलं. इतके दिवस मीच तर भांडत होते!

"रडस कसाले?" नाना म्हणाले. "लाकूड धर नीट."