चार चाँद, दहा दिवस

तौकीरनी पिशवीतून नवा सलवार-कुर्ता काढून खाटेवर ठेवला आणि त्यावर खजुराचा पुडा ठेवला. विधवा लेकीची इद्दत, म्हणजे घराबाहेर न पडता पाळायचा शोकाचा काळ, संपली की माहेरून कपडे आणायचे, ते तिच्या अंगावर चढले की तिला घेऊन जायचं, ही रीत. म्हणून ते सकाळीच दहिवलीहून खोपोलीला, शिळफाट्याच्या या घरात येऊन बसले होते.

"मोरपंखी हाय. आवडला ना?"

"आवडला, अब्बा," उझमा म्हणाली. पण कपडे बदलायला ती उठली नाही.

समोर शारिक चहा पीत होता. थोरला दीर. भिंतीवरच्या दूध डेअरीच्या कॅलेंडरवर त्याने आजच्या गुरुवारभोवती लाल गोल काढून ठेवला होता. उझमाचा नवरा इद्रिस गेला त्या तारखेपासून चार महिने आणि वर दहा दिवस. शारिकचं सगळं असं चोख. भाऊ गेल्यावर आठवड्याच्या आत त्याने उझमाचं पुढचं आयुष्यही चोख लावून टाकलं होतं. ती माहेरी जाणार, वर्षभरात तिचं दुसरं लग्न होणार आणि सहा वर्षांची लेक इल्मा इथे दादीजवळ राहणार. उझमाला विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सव्विसाव्या वर्षी नवरा गेलेल्या बाईला काय विचारायचं असतं!

"चाचा, चहा घ्या आनि निघा ऊन चढायच्या आत," शारिक म्हणाला. "इल्माची काळजी नको. तिची शाळा हितंच हाय."

"नाय तिची शाळा हितं," उझमा म्हणाली. "दाखला काढून आनलाय मी. कळंबला रिसॉर्टच्या किचनमधे काम मिळालंय, राह्यला खोली पन देतायत. तिथल्या शाळेत फोनवर बोलून ठेवलंय."

"दाखला कधी काढलास?"

"मंगळवारी. तुमी दुकानात होता, अम्मी झोपल्या होत्या."

शारिकने कप खाली ठेवला.

"मंगळवारी? इद्दतीत? अम्मी, ऐकलंस? हिला दोन दिवस दम निघाला नाय. चाचा, तुमीच सांगा, अशा बाईच्या हाती आमची पोरगी द्यायची?"

तौकीरनी मान खाली घातली. उझमाला दिराचा राग आलाच, पण बापाच्या त्या खाली गेलेल्या मानेचा जास्त आला. चार महिने ती या दोन खोल्यांत रडली होती, एकटीने, मनापासून. इद्रिससाठी रडायला तिला कोणी कॅलेंडर दाखवावं लागलं नव्हतं.

"मान वर करा, अब्बा. मी काय पाप नाय केलं. इद्दत रविवारीच संपली."

"तारीख बघ तिकडं!"

"इद्दत काय डेअरीवाले ठरवतात, शारिकभाई? ती चाँदावर मोजतात. मोहरमचा चाँद दिसला त्याच सांजेला तुमचा भाऊ गेला. चार चाँद आनि धा दिवस. मी खिडकीतनं दुसरं काय बघत होते?"

चाँदाचा महिना एकोणतिसाचा नाहीतर तिसाचा, एकतिसाचा कधीच नाही. दरवर्षी ईदचा चाँद बघायला सगळ्यांच्या आधी गच्चीवर चढणाऱ्या शारिकने भावाच्या विधवेचे दिवस मात्र दुकानाच्या सवयीने इंग्रजी तारखांवर मोजले होते. आता ते कबूल करणं त्याला जड जात होतं.

"तू म्हनशील तसं होय? अम्मी सांगेल."

सगळ्यांनी उझमाच्या सासूकडे, अख्तरुन्निसाकडे पाहिलं. गल्लीतल्या बायका रोजे, महिने, चाँद सगळं तिलाच विचारत. ती इल्माला पुढ्यात घेऊन वेणी घालत होती. इद्रिस तिचा धाकटा. इल्माचं कपाळ थेट त्याचं, आणि चार महिने ती पोर दादीच्या कुशीतच झोपत होती. हे सगळं ठाऊक असल्यामुळेच उझमाला सासूचा भरवसा नव्हता. 'पुरी नाय झाली' एवढं म्हातारीने म्हटलं की झालं. म्हणाली तरी पोरीचा हात सोडायचा नाही, गल्ली गोळा झाली तर होऊ दे, असं ठरवून उझमा जागची उठली.

अख्तरुन्निसाने फणी खाली ठेवली. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. मोहरम, सफर, रबिउलअव्वल, रबिउलआखिर. मग दिवस. संपले तशी ती पुन्हा पहिल्या पेरावर आली. दुसऱ्या खेपेला शेवटच्या पेरावर अंगठा बराच वेळ थांबला.

"पुरी झाली," ती म्हणाली. "रविवारी, दिवस बुडताना, मगरीबला."

"अम्मी, नीट मोज."

"दोनदा मोजली. आनि किती मोजू? पोरगी हवी म्हनून खोटं मोजू?"

म्हातारीने राहिलेली वेणी पुरी केली. रिबिनीची गाठ तीनदा सुटली. मग तिने इल्माला हलकेच आईकडे ढकललं.

"उझमा, पोरीला पाठवशील ना गं अधनंमधनं?"

भांडायला म्हणून उझमाने किती उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं आणि डोळे भरून आले म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"नाय पाठवनार."

अख्तरुन्निसाचा चेहरा उतरला.

"मी घेऊन येईन," उझमा म्हणाली. "तिच्या हाताला धरून, पुढच्या दारानं. शारिकभाई घरात असताना."