लाल पट्टी

"नऊ कागद, आणि नवांवरही सगळे पाच?" मोजणीवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"पाचाच्या पुढे आकडाच छापला नाहीत, त्याला आम्ही काय करणार?" आबा म्हणाले. विमानतळाच्या मनोऱ्यातली अख्खी खोली खदखदून हसली.

विमानांना रस्ता दाखवणारी ही माणसं सुरक्षिततेला मनापासून किती मानतात, ते मोजायला बाई मुख्य ऑफिसातून आल्या होत्या. प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच यातला आकडा लिहायचा, पाच म्हणजे अगदी खरं, एक म्हणजे मुळीच नाही; कागदावर नाव घालायचं नव्हतं.

"ताप नाही म्हणालात तर मान्य," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही थर्मामीटर तोंडात न घालताच परत दिलाय. हा बारावा प्रश्न बघा. 'माझ्या हातून चूक झाली, तर मी ती आपणहून सांगतो.' सगळेच सांगतात?"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. चौतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला एक महिना उरलेला. आबांच्या आवाजाने विमानं शहाण्या म्हशींसारखी रांगेत येतात म्हणे. एकदा त्यांनी ढगाला "थांब रे जरा" म्हटलं, तर तो बापडा पाऊण तास जागचा हलला नाही!

पण त्या ढगाला काय ठाऊक, तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी काय झालं ते!

गवत कापणाऱ्या मामांचा वॉकीटॉकी बंद पडला होता. म्हणून आबांनी वरून हिरवा दिवा दाखवून त्यांचा ट्रॅक्टर धावपट्टीवर सोडला. धावपट्टीवर कुणी असलं की समोरच्या खाचेत लाकडाची लाल पट्टी ठेवायची, हा नियम. आबांनी ठेवलीही. मग पाठ खाजली. हाताशी लांब, टोकदार असं तेवढंच. मनसोक्त खाजवून त्यांनी पट्टी खिडकीत ठेवली, खाच रिकामी पाहिली आणि विमानाला म्हणाले, "उतरा."

मामांनीच विमान पाहिलं आणि ट्रॅक्टर गवतात घातला, म्हणून निभावलं. बोलणं टेप होतं, दिवा होत नाही. चौकशीत मामा म्हणाले, "मीच न विचारता शिरलो." आबा शेजारीच होते. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

बाईंचा बारावा प्रश्न तसाच ठेवून आबा उठले आणि जिना उतरून शेडमध्ये गेले. मामांचा ट्रॅक्टर काढून घेतला होता. ते वाकून दुसऱ्याच्या गाडीची चाकं धूत होते.

"मामा, हिरवा दिवा मी दाखवला होता."

"मग? मी काय आंधळा आहे?"

"चौकशीत का नाही बोललात?"

मामांनी फडका पिळला. "तुमच्यापुढे माझं कोण ऐकणार होतं, आबा? वर खोटारडा ठरलो असतो. त्यापेक्षा हे बरं. सरका जरा, शर्टाला शिंतोडे उडतील."

त्यांना शर्टाची काळजी! आबांना वाटलं, बादलीभर पाणी तोंडावर मारलं असतं तर सोसलं असतं.

वर येऊन त्यांनी बाईंकडे प्रश्नांचा नवा कागद मागितला. बाराव्या प्रश्नापुढे एकचा आकडा लिहिला. मागच्या बाजूला दिवा, पट्टी, पाठ, सगळं लिहिलं. खाली स्वतःचं नाव.

"नाव लागत नाही, आबा."

"मामांचं लागलं होतं."

खोलीत कुणी हसलं नाही. आबा खुर्चीत बसले. पाठ खाजत होती, लाल पट्टी हाताशीच होती. आबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पाठ तशीच खाजू दिली.