अंगठा चावेपर्यंत

एवारिस्तो मेदेइरोस गुडघ्याच्या वर येईल इतक्या पाण्यात उभा राहिला आणि त्याने खाली पाहिलं. गूजबेरी बेटाच्या खडकांवर गळ टाकणाऱ्यांची पाणी पारखायची हीच रीत. बूट दिसले तर पाणी स्वच्छ, नडगीपर्यंत दिसलं तर चालेल, आणि गुडघेच गडप झाले तर मुकाट्याने घर गाठायचं. त्या सकाळी त्याला गुडघे दिसेनात. दोन दिवस नैऋत्येचा वारा सुटला होता. ऑगस्टचं कोमट पाणी वाळूने गढूळ झालं होतं आणि त्यात लाल शेवाळाच्या चिंध्या तरंगत होत्या.

"दाजी, हे पाणी नाही, ताईचं कालचं सूप आहे," मागच्या खडकावरून त्याचा मेहुणा डिनिस म्हणाला. "चला, कॉफी पिऊ."

"तुला जायचं तर जा. मोठ्या बाया असल्या पाण्यातच काठाशी येतात."

मोठे पट्टेरी बास मासे म्हणजे सगळ्या माद्याच, म्हणून किनाऱ्यावर त्यांना बायाच म्हणत. डिनिसला थट्टा करायला काय जात होतं? त्याने एकोणिसाव्या वर्षी, उसन्या काठीवर, पहिल्याच मोसमात पन्नास पौंडांची बाई काढली होती. तिचा फोटो त्याच्या फ्रीजवर अजून होता आणि दर नाताळच्या जेवणात तिचं वजन थोडं वाढत असे. एवारिस्तोचा जन्म या खडकांवर गेला, पण पन्नास काही गाठले नव्हते. त्याला मासा खायचा नव्हता, आणि एवढा मोठा मासा घरी न्यायला कायद्याने बंदीच होती. त्याला तशी बाई एकदा हातात धरायची होती आणि धडधाकट परत सोडायची होती, एवढंच.

गढुळात गडद आकार उठून दिसतो म्हणून त्याने काळं लाकडी आमिष बांधलं आणि दूर फेकलं. थोड्याच वेळात काठी वाकली, ती सरळ होईचना.

"बाईसाहेब आल्या वाटतं," डिनिस म्हणाला, आणि या वेळी तो हसला नाही.

समोर काय आहे ते दिसत नव्हतं, नुसती ओढ हाताला कळत होती. त्यात शेवाळ तंगुसावर गोळा होऊन काठीच्या टोकाशी अडकायचं आणि रीळ फिरायचं थांबायचं. डिनिस पाण्यात उतरून हाताने ते ओरबाडून काढू लागला. झुंज लांबत चालली तसा एवारिस्तो घाईने रीळ फिरवू लागला. कोमट पाण्यात माशाचा दम लवकर संपतो हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? ती काठाशी आली तेव्हा आडवी झाली होती. एवढं मोठं डोकं त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

"गळ काढतो आणि सोडतो," तो म्हणाला.

"वेडे झालात? वजनकाट्याला न लावता? जन्मभर मीच तुम्हाला खोटं पाडेन, दाजी."

एवारिस्तोने नाही म्हणायला हवं होतं. पण हावरेपणा काय तरुणांनाच असतो? डिनिसने वजनकाटा लावला. बावन्न. मग फोटो. फोनच्या काचेवर वाफ धरली होती. डिनिसने ती सदऱ्याला पुसली, सदराही ओलाच. "जरा थांबा, धूसर येतंय. हसा की." एवारिस्तो हसला. हातातली बाई हसत नव्हती, तिचे कल्ले उघडे राहिले होते.

त्याने तिला पाण्यात घेतलं. खालच्या जबड्यात अंगठा घालून तोंड प्रवाहाकडे करायचं आणि कल्ल्यांतून पाणी खेळू द्यायचं. जीव परतला की मासा अंगठ्यावर करकचून चावतो. चावला की सोडायचा, त्याआधी नाही. एवारिस्तो वाट पाहू लागला. भरती चढत होती. पाणी कंबरेला आलं, मग छातीला. अंगठ्यावर नुसते बारीक दात टेकलेले होते, त्यांत जोर नव्हता. "चाव ग," तो पुटपुटला. "चाव माझे आई."

एक मोठी लाट आली आणि त्याचा पाय खडकावरून निसटला. तोल सावरेपर्यंत हात रिकामा झाला होता. त्याने पाण्यात चाचपलं. त्याला स्वतःचं मनगट दिसत नव्हतं, मग ती पोहत गेली की बुडाली हे कुठून दिसणार?

"चावली का?" खडकावरून डिनिसने विचारलं.

"चावली," एवारिस्तो म्हणाला.

"मग झालं तर. ताईला फोटो धाडला." लगेच फोन वाजला, आणि डिनिसने मोठ्याने वाचून दाखवलं: "ओलिंडाताई म्हणते, अखेर एकदाचा! रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावते. तुम्हाला चौकटीत बसवणार म्हणते."

एवारिस्तो पाण्यातून बाहेर आला नाही. तो गढूळ पाण्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने लाटांपलीकडे काहीतरी पांढरं वर आलं आणि त्यावर पहिला सीगल उतरला.

डिनिसनेही पाहिलं. त्याचा आवाज खाली आला. "दाजी, बघू नका तिकडे. आणता येणार नाही, गाडीतळावर मत्स्यखात्याचा माणूस बसलाय. चला घरी."

एवारिस्तो उलट पुढेच गेला. पाणी गळ्याला लागलं तेव्हा त्याने सीगल हाकलला आणि तिला जवळ ओढलं. तिचं तोंड त्याने प्रवाहाकडे केलं आणि जबड्यात अंगठा घातला.

"दाजी, ती मेलीय."

"माहीत आहे," एवारिस्तो म्हणाला, आणि अंगठा तसाच ठेवून उभा राहिला.