माळ्यावरचे सोळा इंच

मार्चमध्ये जेवणाच्या खोलीत छतातून पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा सायमाने खाली पातेलं ठेवलं आणि तिच्या नवऱ्याने, रेइनोने, शिडी काढली. घराची ऊब माळ्यातून निसटत होती. त्या उबेने छपरावरचा बर्फ वितळायचा, पाणी वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठायचं आणि मागून येणारं पाणी फट सापडेल तिथून घरात शिरायचं. कॅल्युमेटसारख्या बर्फाळ गावात हे दर दुसऱ्या घराचं रडगाणं होतं.

"या उन्हाळ्यात माळ्यावर ग्लासवूल घालायचं, ऊब अडवणारा तो काचेचा कापूस," रेइनो म्हणाला. "चांगलं सोळा इंच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

"आणि माझं सामान?"

"तुझं कुठलं? अर्ध्या गावाचं सामान आहे ते."

ते खरंच होतं. कुणी काही ठेवायला आणलं की सायमाला नाही म्हणता येत नसे. तिने एकेकाला फोन लावले. दोन आठवडे माणसं येत राहिली, ओशाळं हसत कॉफी प्यायली, वेलचीचा पाव खाल्ला आणि आपापले पाळणे, स्की, चर्चचे कंदील घेऊन गेली. उरले नाताळच्या सजावटीचे खोके, मुरंब्याच्या बरण्या, रेइनोची होडीची दोन बंद पडलेली इंजिनं, ज्यांच्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही, आणि उर्होची पेटी.

उर्हो तिचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी वडिलांचं तळ्याकाठचं खोपट विकण्यावरून दोघांचं बिनसलं. पेटी इथेच टाकून तो अलास्काला गेला. तिथे घरं बांधतो, एवढंच तिला कानावर आलं होतं.

"फेकून दे," रेइनो म्हणाला.

"तूच सांग मग त्याला तसं."

शेवटी मावसबहिणीकडून नंबर घेऊन तिनेच फोन केला. पलीकडे त्याच्यामागे करवत चालू होती.

"मी सायमा."

करवत थांबली. "कोण गेलं?" उर्होने विचारलं.

"कुणी नाही रे. माळ्यावर ग्लासवूल घालतोय. तुझी पेटी आहे वर. काय करू तिचं?"

"अजून आहे ती?"

"न राहायला काय झालं? पाय फुटणार होते का तिला?"

त्याने करवत खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "किती इंच घालताय?"

"सोळा. रेइनो म्हणतो, सामान ठेवायला जागाच उरणार नाही. मी म्हणते, कापसावर फळ्या टाकायच्या आणि त्यावर ठेवायचं."

"वेडी आहेस का? दाबला की त्यातली हवा जाते, मग तो घातला काय नि न घातला काय. आणि आधी भोकं बुजवली का?"

"कसली भोकं?"

"कर्म माझं! रेइनोला दे फोन. नाही, थांब, तूच लिहून घे."

सायमाने किराण्याच्या पिशवीवर लिहून घेतलं. दिव्यांच्या तारा जिथून वर जातात ती भोकं आधी बुजवायची. धुराड्याभोवती पत्रा लावायचा, तिथे कापूस टेकवायचा नाही. वळचणीची हवा कोंडायची नाही. छताचे वासे सहा इंची, तर मधल्या भागात त्यांच्यावर आडव्या दिशेने दहा इंची फळ्या उभ्या ठोकायच्या. खालची पोकळी न दाबता भरायची आणि वर लाकडी फळ्यांची जमीन घालायची, म्हणजे सामान तिच्यावर राहील. चढायच्या झाकणाच्या पाठीलाही जाड थर लावायचा. चाळीस मिनिटं झाली. खोपटाबद्दल दोघांपैकी कुणी एक अक्षर काढलं नाही.

"पेटीला जागा होईल?" त्याने शेवटी विचारलं.

"होईल. मापून सांगते."

रेइनोला आयती शिकवणी आवडली नाही, पण पिशवी खिशात घालून तो वर चढला. काम जूनमध्ये सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये संपलं. दोघांच्या हातांना महिनाभर खाज सुटत होती.

त्या हिवाळ्यात शेजारच्या छपरावरून हातभर लांब बर्फाचे सुळे लोंबले. यांच्या छपरावर बर्फ जसा पडला तसा पांढराशुभ्र पडून राहिला. दर रविवारी उर्होचा फोन यायचा.

"वळचणीला काही?"

"काही नाही."

फेब्रुवारीत एकदा एवढंच बोलून झाल्यावर तो म्हणाला, "जुलैचं तिकीट काढलंय."

"ये," सायमा म्हणाली.

तो आला. कॉफी संपताच माळ्यावर चढला, सगळीकडे हात लावून पाहिलं आणि दोन फळ्या तिरक्या बसल्या म्हणून रेइनोला फैलावर घेतलं. रेइनोने स्क्रूड्रायव्हर उचलला. ते दोघं स्क्रू काढून फळ्या पुन्हा बसवत होते, तोवर सायमाने मागच्या खोलीत भावासाठी अंथरूण घातलं.