झेंड्याच्या जागी बाबा

सोयाबीन निघाल्यावर पुंडलिकरावांनी नेरजवळच्या आपल्या वावराचा एक लांब पट्टा हरभरा न पेरता तसाच मोकळा ठेवला. त्यांची बहीण बेबीताई शेजारच्याच वावरात कापूस वेचत होती. ती दोन वावरांमधल्या धुऱ्यावर येऊन उभी राहिली.

"काय पेरलं म्हनावं इथं, दादा? चेंडू?"

"हो," पुंडलिकराव म्हणाले. "पाह्यजो, उगवते का."

त्या पट्ट्यावर त्यांची मुलगी सलोनी गोल्फ खेळायची. लग्नाआधी पुंडलिकराव नागपुरात एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायला होते. शेती वाट्याला आली आणि ते गावी परतले, तेव्हा त्या मैदानावरच्या एका म्हाताऱ्या खेळाडूने त्यांना आपल्या जुन्या काठ्या देऊन टाकल्या. त्यातल्या सात नंबरच्या काठीवर सलोनी वाढली. बॉल मोजकेच होते, आणि काळ्या जमिनीच्या भेगेत बॉल गेला की तो गेलाच. म्हणून पहिल्यापासून एक पद्धत पडून गेली होती. बॉल जिथे पडणार, तिथे बाबांनी डोक्यावर घमेलं धरून उभं राहायचं, बॉल पडताना पाहायचा आणि उचलून आणायचा. सलोनीला झेंडा कधी लागलाच नाही. तिने लहानपणापासून बाबांवरच नेम धरला.

गेल्या वर्षी नागपूरच्या निवड चाचणीत ती थोडक्यात हुकली. निवड झाली असती तर वर्षभर शिकायची आणि राहायची सोय होणार होती. तिथल्या कोच मॅडमनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "हात सरळ आहे तुझा. बॉल लांब जात नाही एवढंच. पायात आणि पाठीत ताकद आण, वजन उचल, आणि पुढच्या वर्षी ये."

म्हणून सलोनी नेरमध्ये जिम चालवणाऱ्या कपिलकडे जाऊ लागली. कपिलने सुरुवातीला नुसता रिकामा बार हातात दिला आणि खुब्यातून वाकायला शिकवलं. सलोनीला हे आवडलं. ती कॉलेजात फिजिक्स शिकत होती. पाय जमीन ढकलतात, तो जोर खुब्यातून पाठीत जातो, पाठीतून हातात आणि हातातून काठीत. वाटेत कुठे गळती नको, बस. हळूहळू बारवर प्लेटा चढत गेल्या. दिवाळीपर्यंत ती स्वतःच्या वजनाहून जास्त वजन जमिनीवरून उचलू लागली. आईने, नंदाबाईने, तिच्या कुर्त्यांच्या बाह्या उसवून सैल करून दिल्या.

पण बॉल काही पुढे जाईना. बाबा उभे असत त्याच्या अलीकडे तो येऊन पडायचा, वर्षापूर्वी पडायचा तसाच.

"लोखंड उचलू उचलू हात लाकूड झाले पोरीचे," बेबीताई म्हणाली. "सोड म्हना ते."

"आत्याले काय समजते," कपिल म्हणाला. "पाह्य पाय तुह्ये. बॉल जायलेच पाह्यजे."

दोघांपैकी एकाचं चुकत होतं, आणि चाचणीला दोन आठवडे राहिले होते. सलोनीला हळूहळू आत्याचंच खरं वाटू लागलं. आपण आपला हात बिघडवून बसलो, असं मनात घेऊन तिने सोमवारपासून जिम सोडायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात पुंडलिकराव कापूस घेऊन नेरच्या मार्केटला गेले. गाड्यांची रांग लांब होती, ते संध्याकाळशिवाय परतणार नव्हते. सलोनी एकटीच वावरात गेली. बॉल हरवले तर हरवले, असं म्हणत तिने पहिला मारला.

काठीचा आवाजच वेगळा आला. बाबा नेहमी उभे राहतात ती जागा मागे टाकून बॉल थेट पलीकडच्या धुऱ्याजवळच्या हिवराच्या झाडाखाली पडला. तिला वाटलं, वारा असेल. तिने हिवराच्या पानांकडे पाहिलं. पानं हलत नव्हती. दुसरा मारला. तोही तिकडेच. तिसरा तर बेबीताईच्या कापसात गेला.

ती काठी टेकवून उभी राहिली. काठी तीच, जमीन तीच, पाय तेच. फक्त बाबा नव्हते.

आणि तिला उन्हाळ्यातली ती सकाळ आठवली. जिमचे पहिले महिने होते. तिचा एक बॉल बाबांच्या कानाजवळून सूं करत गेला होता. बाबा घमेलं खाली घेऊन हसले होते, "अजून मार, लागत नाई मले." मग ते थोडे मागे सरकून उभे राहिले. सलोनीही हसली होती. पण तिचे खांदे हसले नव्हते. त्या दिवसापासून खांदे शेवटच्या क्षणी जोर आवरून घेत होते, तिला न विचारता. बाबा कितीही मागे सरकोत, बॉल त्यांच्या अलीकडे पडायचा. रोज आवरून आवरून शरीराने तेच पाठ केलं होतं, आणि नागपुरात समोर कुणी नसलं तरी ते तेच करणार होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा समोर असताना तिने खांद्यांकडे लक्ष ठेवून मारलं. आवरणं तिला स्पष्ट जाणवलं.

संध्याकाळी पुंडलिकराव अंगणात घमेल्याला चिकटलेली माती खरवडत बसले होते. सलोनी शेजारी टेकली. काय सांगायचं हे तिला ठाऊक होतं. पण थंडी असो, ऊन असो, ज्या माणसाने उभं राहणं हेच आपलं काम मानलं होतं, त्याला ते सांगायचं कसं?

"बाबा, उद्यापासून तुमी समोर नोका उभे राहू."

त्यांचा हात थांबला. "काहून? मंग बॉल कोन पाह्यन?"

"हरपले तं हरपले. मी जोर आवरून राह्यली, बाबा. तुमाले लागन म्हून. मुद्दाम नाई. आपोआप होते."

पुंडलिकराव घमेल्याच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले.

"एवढं लोखंड उचलते तू," ते शेवटी म्हणाले, "अन् मले पाहून सोडून देते?"

"हो."

"मले वाटे, मी उभा हावो म्हून तुले बरं वाटते."

"बरंच वाटते. म्हून तं." सलोनीने घमेलं आपल्याकडे ओढलं. "तुमी मागं उभे राहा ना. माह्या मागं."

सकाळी ते मागे उभे राहिले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागे बांधले. सलोनीने समोर पाहिलं. रिकामं वावर तिला फार मोठं वाटलं. पहिल्या दोन बॉलांना खांद्यांनी जुनीच खोड दाखवली, आणि ते अलीकडेच पडले. ती थांबली. श्वास सोडला. पायांनी जमीन ढकलली.

या वेळी काहीच आवरलं गेलं नाही. बॉल वर चढला आणि उन्हात दिसेनासा झाला.

"कुठं पडला, बाबा?"

ती वळली. आजवर पुंडलिकरावांनी तिला लांबूनच पाहिलेलं, बोटाएवढी, काठी फिरवताना. ते तिच्या खांद्यांकडे पाहत होते.

"नाई पाह्यला," ते म्हणाले. "मी तुलेच पाहून राह्यलो होतो."

"आता?"

"आता काय. मार दुसरा. हरपू दे."