दोरी सोडून धावणारा माणूस

शाळेतल्या नीरजाबाईंचा निरोप आला तेव्हा कायतान अंगणात फाटकं जाळं सांधत बसला होता. पोरीच्या चित्रावरून शाळेत घोळ झालाय, लगेच या. चित्र या प्रकाराशी कायतानचं कधी सूत जमलं नव्हतं. क्लेमेंटिनाने कोळशाने भिंत रंगवली की घसा ताणून ओरडायचं, एवढाच त्याचा कलेशी संबंध. तरी तो हातातलं टाकून तसाच निघाला.

चौऱ्याऐंशी साल होतं आणि तालुक्याची चित्रकला स्पर्धा यंदा देवबागच्या शाळेत भरली होती. क्लेमेंटिनाने रापण काढली होती. समुद्रात सोडलेलं भलंमोठं जाळं दोरीने किनाऱ्यावर ओढणारी वीस माणसं, टाचा वाळूत रोवून उलट पावली मागे सरकणारी. आणि एक जण मात्र दोरी सोडून पाण्याकडे धावत सुटलेला.

"चित्र पहिल्या नंबराचं आहे," परीक्षक म्हणाले. ते घाटावरचे, रापण त्यांनी कधी पाहिली नव्हती. "पण सगळे राबतायत आणि हा एक पळ काढतोय. एवढा एक खोडून टाक म्हटलं, तर तुमची मुलगी ऐकेल तर शपथ! हा असाच राहिला तर चित्र जिल्ह्याला जाणार नाही."

नीरजाबाईंनी हळूच सांगितलं, "मलाही यातलं कळत नाही. पण ती उगाच हट्ट करणारी नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं."

कायतान चित्रावर वाकला. धावणाऱ्याच्या डोक्याला बांधलेला फडका, जरासा कललेला डावा खांदा.

"ह्यो कोण गो?"

"तू. दुसरो कोण?" क्लेमेंटिना पुटपुटली.

वीस वर्षं कायतान असा धावत होता, पण हे कुणी नीट बघत असेल असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"सायबानु, जरा भायर येवा," तो म्हणाला.

त्याने रस्सीखेचीचा दोर अंगणातल्या बाकाला बांधला आणि परीक्षकांनाच बाकावर बसवलं. "तुमी मासळी." दोर सहा पोरांच्या हातात दिला. पोरं खिदळत उलट पावली ओढू लागली. बाक वाळूतून चार हात सरकला आणि सगळ्यात मागच्या पोराची पाठ कुंपणाला टेकली.

"आता? मागे जागा नाय आणि मासळी अजून लांब!" कायतान ओरडला. "दोरी सोड, धाव फुडे, बाकाकडसून परत धर!"

पोरगं धावलं. मग त्याच्या पुढचं कुंपणाला टेकलं, तेही धावलं. एकेक करत सगळी धावली आणि परीक्षक डुलत डुलत कुंपणापाशी येऊन पोचले.

"कोणी ना कोणी धावूकच लागता, सायबानु. नायतर जाळां भायर येणा नाय."

परीक्षक धोतराची वाळू झटकत उठले. ओशाळले होते, पण माणूस सरळ होता. "चित्र आहे तसंच जिल्ह्याला जाईल. पहिल्या नंबराने." मग क्लेमेंटिनाकडे वळले. "हे तू मला आधीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंच नाही, सर. खोडून टाक म्हणालात."

परीक्षकांनी मान खाली घातली. पोरं टाळ्या पिटू लागली. कायतान नीरजाबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, ह्यां माझां चेडू."

ती त्याची लेक, हे बाईंना ठाऊक होतंच, सगळ्या शाळेला ठाऊक होतं. तरी त्याने ते पुन्हा एकदा सांगितलं.